कुंभकोणमची डिग्री

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या कॉफीला 'डिग्री कापी' का म्हणतात, याची दोन उत्तरं तिथे मिळतात. एक चिकोरीचं: कॉफीत मिसळायच्या या मुळाचं नाव तमिळ जिभेवर घोळून 'डिगरी' झालं म्हणे. दुसरं दुधाचं. पाणी घातलंय का हे पाहायला दुधात लॅक्टोमीटरची नळी सोडत; तिच्यावरचा आकडा म्हणजे डिग्री. तिच्या परीक्षेला उतरलेल्या निर्भेळ दुधाची ती डिग्री कॉफी.

मला दुसरं पटतं. चिकोरी ही स्वस्तातली भर. तिचं नाव कुणी अभिमानाने पाटीवर मिरवणार नाही. शिवाय आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या डेअरीत दूध घालणारा आजही 'फॅट किती, डिग्री किती' असंच विचारतो. गाईच्या चांगल्या दुधाची डिग्री साधारण 28 ते 32 भरते. पाणी पडलं की उतरते. साय काढली तर मात्र चढते, कारण स्निग्धांश हलका असतो. म्हणजे साय काढून बेताने पाणी घातलेलं दूध या नळीला फसवू शकतं. फॅट वेगळं मोजायचं ते त्यासाठीच.

शब्द मुळात पायरीचा. लॅटिन 'ग्रादुस' म्हणजे पाऊल, पायरी. त्यावरून जुन्या फ्रेंचमधलं 'देग्रे', आणि तिथून इंग्रजी 'डिग्री'. जिन्याची पायरी, नात्यातलं अंतर, विद्यापीठातला दर्जा, वर्तुळाचा 360वा भाग असे अर्थ त्याला जडत गेले. तापमापक आणि दुधाची नळी फार नंतरची. आपली 'पदवी'ही 'पद' म्हणजे पाऊल यातूनच आलेली. संस्कृतात तिचा एक अर्थ वाट असाही आहे.

विद्येच्या डिग्रीचंही कुंभकोणमला मोठं वेड. बडोद्याचे दिवाण झालेले राजा सर टी. माधवराव 1828 साली इथल्याच मराठी घरात जन्मले. इथल्या सरकारी कॉलेजला लोक 'दक्षिणेचं केंब्रिज' म्हणत. त्याच कॉलेजात 1904 साली श्रीनिवास रामानुजन शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणितापुढे इतर विषयांकडे लक्षच नव्हतं. शिष्यवृत्ती गेली, आणि एफ.ए.ची, म्हणजे पदवीच्या आधीची, परीक्षा पुढे मद्रासला जाऊनही पास झाली नाही. त्यांना पदवी मिळाली ती 1916 साली, इंग्लंडातल्या केंब्रिजकडून, संख्यांच्या विभाजकांवरच्या एका दीर्घ निबंधासाठी.