अर्धशिशीची गोळी आणि तिचा हिशेब



अर्धशिशीने डोके फुटत असले तरी बाहेरून काही दिसत नाही. म्हणून 'डोके दुखते' असे सांगून रजा मागणाऱ्या कामगाराकडे मुकादम संशयानेच पाहतो. मग कामगार रजेऐवजी गोळी घेतो. त्या गोळीचा इतिहास मी आज सांगणार आहे. तो ठाऊक असता, तर माझ्या एका सोबत्याचे हाल टळले असते.

युरोपात राय नावाचे धान्य पिकते. गरिबांची भाकरी त्याचीच असे. ओल्या हवेत त्याच्या कणसात दाण्याच्या जागी बुरशीची काळी, नखीसारखी गाठ धरते. तिला अर्गट म्हणतात. ती दळणात गेली की हातापायांची आग होई, बोटे काळी पडून झडत. लोक या व्याधीला संत अँथनीचा अग्नी म्हणत. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्या संताच्या नावाने निघालेल्या पंथाचे साधू अशा रुग्णांची शुश्रूषा करीत. आपल्या बाजरीवरही अरगट पडतो. पण ती बुरशी निराळ्या जातीची. तिने ओकाऱ्या, घेरी आणि गुंगी येते.

हे विष औषध कसे झाले? १८०८ साली अमेरिकेतील डॉ. जॉन स्टर्न्स यांनी प्रसूती लवकर व्हावी म्हणून अर्गटची पूड सुचविली. मूल मृत जन्मण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १८२४ साली डॉ. डेव्हिड होसॅक यांना त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. पुडीत विष किती, हे मोजताच येत नव्हते. १९१८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आर्थर स्टोल यांनी अर्गटमधून शुद्ध अर्गोटामीन वेगळे केले आणि मात्रा मोजता येऊ लागली. १९२५ नंतर ते अर्धशिशीवर वापरात आले. १९३८ साली ग्रॅहम आणि वुल्फ यांनी दाखविले की, या औषधाने डोक्याच्या रक्तवाहिन्यांची धडधड कमी होते आणि वेदनाही उतरते. म्हणजे ज्या आवळण्याने बोटे झडत, तेच आवळणे इथे उपयोगी पडले! गुण तोच, फरक मात्रेचा.

पण एका वेळची मात्रा बेताची असली म्हणजे झाले, असे नव्हे. १९५१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी नोंदविले की, हे औषध वरचेवर घेणाऱ्यांचे डोके औषधामुळेच दुखू लागते. गोळीचा अंमल उतरला की दुखणे परत येते, म्हणून पुन्हा गोळी.

माझा सोबती याच फेऱ्यात सापडला. रात्रपाळीचा खाडा पडू नये म्हणून आठवड्याला एक गोळी घेणारा हा माणूस पुढे जवळजवळ रोज घेऊ लागला. बोटे गार पडून मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरकडे गेला. "महिन्यात किती घेता?" या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी सुटली. पण पहिले काही दिवस फार कठीण गेले.

१९९१ साली सुमाट्रिप्टान हे नवे औषध आले. पण हिशेब सुटला नाही. अर्गोटामीन वा ट्रिप्टान महिन्यात दहा दिवस, किंवा साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले की औषधजन्य डोकेदुखीचा धोका असतो. हृदयविकार असणाऱ्यांनी ही दोन्ही औषधे टाळावीत. गर्भवतींनी अर्गोटामीनला शिवूही नये. चोवीस तासांच्या आत एकावर दुसरे घेऊ नये. एरिथ्रोमायसिनसारख्या काही औषधांबरोबर अर्गोटामीन अंगात साठते आणि जुना अग्नी पुन्हा पेटू शकतो. तेव्हा चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत, आणि शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

खाडे किती झाले हे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणेने टिपतो. गोळी घेतली त्या तारखेवरही तशीच एक फुली मारा, आणि ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. आणि संघटनेत असाल, तर डोकेदुखीची रजा ही रजाच आहे, हेही मुकादमापुढे ठेवा.