गिअर अडतो, दोष मात्र रबरी बुटाचा

जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअर नीट पडेनासा झाला, की गिअरबॉक्स खोलण्याचा भलामोठा खर्च मालकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात अनेकदा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. झिजलेले असतात ते गिअरच्या दांड्यापासून तिथपर्यंत जाणारे जोड आणि फाटलेली असतात त्या जोडांवरची रबरी आवरणे. पोर्शे ९१४ ही मोटार याचे बोलके उदाहरण ठरावी.

पोर्शे आणि फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांनी संयुक्तपणे विकसित केलेली ही दोन आसनी मोटार १९६९ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात सादर झाली. १९७६ पर्यंत अशा सुमारे १ लाख १९ हजार मोटारी तयार झाल्या. तिचे इंजिन आसनांच्या पाठीमागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे आहे. त्यामुळे चालकाच्या हातातील हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचविण्यासाठी लांबलचक सळई लागते. १९७२ पर्यंतच्या मोटारींत ती गिअरबॉक्सच्या मागील टोकाला जोडलेली असे. १९७३ च्या मॉडेलपासून हा जोड गिअरबॉक्सच्या बाजूला आणण्यात आला आणि गिअर टाकणे पुष्कळ सुकर झाले.

बुटाचे काम काय?

या सळईच्या सांध्यांत प्लास्टिकचे छोटे बुश असतात. रस्त्यावरील चिखल, पाणी आणि धूळ यांपासून त्यांचे रक्षण रबरी बूट व प्लास्टिकचे कव्हर करतात. इंजिनची उष्णता आणि वाढते वय यांमुळे रबर कडक होऊन तडकते. मग ग्रीसमध्ये धूळ मिसळते आणि ती कानशीसारखी बुश घासू लागते. बुश सैल झाले, की गिअरचा दांडा डुगडुगतो. या मोटारीत पहिला गिअर डावीकडे खाली आणि त्याच्या समोर वर रिव्हर्स आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना सैल दांडा रिव्हर्सच्या बाजूला सरकतो आणि दात करकरतात. शिवाय केबिनमागील पत्र्याच्या भिंतीत सळईसाठी असलेले छिद्र उघडे पडले, तर इंजिनकडील धूर व वास आत येण्याचाही धोका संभवतो.

बदल कसा करावा?

इंजिन व एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्यावरच कामाला हात घालावा. मोटार सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर उभी करावी; केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरणे जिवावर बेतू शकते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सळईच्या जोडांवर रंगाने खुणा कराव्यात. या खुणा नसतील, तर पुढे गिअरची जुळणी करण्यात बराच वेळ जातो.

त्यानंतर कव्हर काढावे, जुना बूट मागे सारावा व जोडातील निमुळत्या टोकाचा स्क्रू सोडवावा. सळई सुटी झाल्यावर सगळा जुना ग्रीस पुसून काढावा. बुशमध्ये खेळ जाणवत असेल, तर तोही याच वेळी बदलणे शहाणपणाचे. बूट नवा आणि बुश जुना ठेवल्यास दांड्याची डुगडुग कायम राहते. रबराला न फुगविणारा ग्रीस माफक लावावा. नवा बूट जोड जुळविण्यापूर्वी सळईवर चढवावा. घाईत नेमका याचाच विसर पडतो आणि सारे पुन्हा खोलावे लागते. स्क्रूचे टोक सळईवरील खाचेत बरोबर बसले आहे, याची खात्री करूनच तो आवळावा. शेवटी बुटाच्या दोन्ही कडा आपापल्या जागी बसवून कव्हर लावावे.

मोटार खाली घेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून पाचही गिअर व रिव्हर्स टाकून पाहावेत. त्यानंतर मोकळ्या जागी कमी वेगात चाचणी घ्यावी. एवढे करूनही गिअर अडत असेल, तर आधी क्लचची केबल तपासावी आणि गिअरबॉक्सकडे सर्वांत शेवटी वळावे. दरवर्षी मोटार वर घेतली जाईल तेव्हा बुटांवर एक नजर टाकली आणि तडा दिसताच ते बदलले, तर त्यामागचे बुश व सांधे झिजण्यापासून वाचतात.