पुण्याआधी औरंगाबाद : नभोवाणीची एक विस्मृत हकीकत

मराठी मुलखात नभोवाणी पुण्यास आधी आली की औरंगाबादेस, असा प्रश्न आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळींस केला असता बहुतेक जण पुण्याचेच नाव घेतात. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच्या पुष्कळ आधी आपल्या शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निजामाच्या डेक्कन रेडिओचे केंद्र चालू होते. १९४७ साली संस्थानी मुलखात अशी पाचच केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. हा मान आपल्या हातून कसा निसटला, हे ज्ञातिबांधवांच्या नजरेस आणावे एवढ्याच हेतूने हा लेखप्रपंच.

ब्रिटिश हिंदुस्थानात नभोवाणीचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस एका खासगी कंपनीने केला. श्रोत्याने वर्षाला १० रुपये परवाना-शुल्क भरावे आणि त्यांतील ८ रुपये कंपनीस मिळावेत, असा करार होता. परंतु यंत्रे महाग, घेणारे थोडे. १९३० सालीही देशातील परवाने आठ हजारांच्या आतच होते. कंपनी बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने हा कारभार आपल्याकडे घेतला. तेव्हापासून पुढची सुमारे सत्तर वर्षे आकाशातून काय ऐकू यावे, हे सरकारच ठरवीत आले.

निजामाच्या मुलखात अर्थातच निजामाचे सरकार. हैदराबादचे केंद्र ३ फेब्रुवारी १९३५ रोजी सुरू झाले, तेही अवघ्या २०० वॅटच्या बळावर; आजच्या घरातील तीन पंखे फिरविण्यास एवढी वीज लागते! संस्थानचा कारभार आणि शिक्षण उर्दूतून चालत असे. तेव्हा मराठी रयतेच्या गावात मनोरा उभा राहिला, तरी वाणी प्रथम दरबारची होती हे उघड आहे. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागतीची घोषणा निजामास याच नभोवाणीवरून करावी लागली. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे भारत सरकारकडे आली. हैदराबाद वाढले. औरंगाबाद मात्र फार काळ टिकले नाही, आणि मराठवाड्याचा श्रोता दूरच्या केंद्रांकडे कान लावून बसला. परभणीस व आपल्या शहरात आकाशवाणी आली ती पुष्कळ पुढे.

आपण काय गमावले, याचे माप पुण्याकडे पाहून घ्यावे. केंद्र उघडून दीड वर्ष होते न होते तोच, १ एप्रिल १९५५ पासून तेथून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे स्वर आणि वर्षभरात ५६ गीते! आपल्या भाषेचे केंद्र जवळ असले म्हणजे काय घडू शकते, ते यावरून दिसते. मराठवाड्यात गळे नव्हते असे कोण म्हणेल? येथील कीर्तनकार, भारुडे म्हणणारे, जात्यावर ओव्या गाणाऱ्या आयाबहिणी यांना त्या वर्षांत घरचा ध्वनिक्षेपक नव्हता.

सरकारी शिस्तीचे इतर मासलेही नमुनेदार आहेत. १९४० साली पेटीच्या साथीस नभोवाणीवर बंदी झाली, ती १९७१ पर्यंत चालली. पेटीवर मींड निघत नाही हे शास्त्र खरे. पण ज्या महाराष्ट्रात घरोघरी भजन पेटीवर चाले, त्यास हे सोवळे जरा अतिच वाटले. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. त्यांनी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, हे त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. मात्र चित्रपटगीतांवर त्यांनी कात्री चालविली. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, असे सरकारचे म्हणणे. तर नाव नाही तर गाणे नाही, असे निर्मात्यांचे. परिणाम असा झाला की श्रोते सिलोनकडे वळले. लघुलहरी आकाशातील वरच्या थरावर आपटून शेकडो कोस दूर उतरतात. त्यांना दिल्लीचा हुकूम कसा अडविणार? अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून सरकारनेच गाण्यांना दार उघडले. पुढे ट्रान्झिस्टर शेतावर गेला, कॅसेट चहाच्या टपरीवर वाजू लागली. टपाल कचेरीत जाऊन परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटे डकविणे आमच्या पिढीने पाहिले. तेही १९८५ साली संपले.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २००१ पासून देशात खासगी एफ. एम. केंद्रे निघाली आणि यथावकाश आपल्या शहरातही आली. गाणी आता हवी तितकी. तथापि २०११ च्या धोरणाने या केंद्रांना बातम्यांपैकी आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्याची मुभा दिली. स्वतःच्या बातम्या देण्याची नाही. वीज-पाण्याच्या सूचना त्यांत बसत होत्या. म्हणजे नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे शहरातील खासगी केंद्र सांगू शके. ते इतक्या दिवसांनी का येते, याची बातमी देणे त्याच्या परवान्यात नव्हते.