नुसतं बघ, मग टाक : लिनक्सचा फ्लॉपी ते पेनड्राइव्ह प्रवास



विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून इथे साउथहॅम्प्टनात चार मराठी घरं जेवायला जमली की कोणीतरी विचारतंच, "लॅपटॉप चांगला चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही. फेकू का?" माझं उत्तर ठरलेलं : पेनड्राइव्हवर लिनक्स घे, त्यावरून बूट कर, आधी नुसतं बघ. आवडलं तर टाक.

हे "नुसतं बघ" फुकट मिळालेलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

लायनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं तेव्हा त्याला इन्स्टॉलर असा नव्हताच. पुढे दोन फ्लॉपी मिळू लागल्या, एक बूट आणि एक रूट. पहिली घालून मशीन चालू करायचं, सांगितल्यावर ती काढून दुसरी घालायची. हार्ड डिस्कवरून बूट करायचं तर हेक्स एडिटर उघडून बूट सेक्टरमधले बाइट स्वतः बदलायचे! यावर पहिला माणसाळलेला उपाय निघाला तो आपल्या याच देशात. फेब्रुवारी १९९२ मध्ये मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरच्या ओवेन ल ब्लांक यांनी एमसीसी इंटरिम लिनक्स काढलं, मेनू असलेल्या इन्स्टॉलरसकट. विद्यापीठातल्या लोकांना लिनक्स टाकणं सोपं जावं, एवढाच साधा हेतू.

भारतात अडचण वेगळी. त्या काळच्या फोनलाइनवर एवढं डाउनलोड कोण करणार? १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवर लिनक्स येऊ लागलं. त्यामागे होते जर्मनीत जन्मलेले आणि बंगलोरला स्थायिक झालेले अतुल चिटणीस (२०१३ मध्ये ते गेले). त्या सीडींनी भारतातल्या कितीतरी इंजिनिअरांना लिनक्स पहिल्यांदा दाखवलं. सीडीवरून थेट बूट होण्याची सोयही तेव्हा नवीच होती. तिचं 'एल टोरिटो' नावाचं स्पेसिफिकेशन १९९५ चं, आणि नाव चक्क एका मेक्सिकन हॉटेलवरून ठेवलेलं.

पण सीडी हातात आली तरी भीती राहिलीच, ती पार्टिशनची. मी २००६ ते २०१० इंजिनिअरिंगला होतो. आमच्या हॉस्टेलवर एकाचं लिनक्स टाकताना डी ड्राइव्ह उडालं. त्यात सेमिस्टरचा प्रोजेक्ट होता (आणि पिक्चर, ज्याचं दुःख जास्त). त्यानंतर त्याने लिनक्सचं नावही काढलं नाही. लिनक्स अवघड म्हणून लोक लांब राहिले असं म्हणतात. मला वाटतं, एकदा बटण दाबल्यावर परत फिरता येत नाही, ही भीती जास्त होती.

ती घालवली लाइव्ह सीडीने. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरने २००० मध्ये नॉपिक्स काढलं. सगळी सिस्टिम कॉम्प्रेस करून सीडीवर, चालते रॅममध्ये, हार्ड डिस्कला हात नाही. मग जून २००६ च्या उबुंटू ६.०६ ने लाइव्ह आणि इन्स्टॉल एकाच सीडीत आणलं. आधी चालवून बघा, मग डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक करा. कॅनॉनिकल तर २०११ पर्यंत या सीडी फुकट घरपोच पाठवायची, भारतातसुद्धा.

पेनड्राइव्ह बाजारात २००० च्या सुमारास आले, ८ एमबीचे. त्यावरून बूट व्हायला आधी बायोस सुधारावे लागले. फेडोराने २००७ मध्ये लाइव्ह यूएसबी आणली, आणि मे २००८ च्या फेडोरा ९ पासून पेनड्राइव्हवर केलेले बदल टिकू लागले. त्याच वर्षी सिसलिनक्समध्ये 'आयसोहायब्रिड' आलं. ही युक्ती मला फार आवडते. सीडीच्या आयएसओ फाइलमध्ये सुरुवातीचे ३२ केबी रिकामे सोडलेले असतात. तिथे हार्ड डिस्कसारखा बूट रेकॉर्ड बसवला, की तीच फाइल सीडीवरूनही बूट होते आणि पेनड्राइव्हवरूनही. मोकळ्या जागेत एवढं मोठं काम!

त्या पडद्यावर मराठी धड दिसण्यात पुण्याचाही वाटा आहे. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले 'लोहित' फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, श्रीलिपीवाल्यांचे.

आणि आपलं गावही यात आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रा. सायमन कॉक्स यांच्या टीमने ६४ रास्पबेरी पाय जोडून 'इरिडिस-पाय' हा छोटा सुपरकॉम्प्युटर केला. रॅक लेगोचा, तो रचायला त्यांचा सहा वर्षांचा मुलगा जेम्स मदतीला. प्रत्येक पायात १६ जीबीचं एसडी कार्ड, तेच बूट ड्राइव्ह. एका कार्डावर लिनक्स नीट बसवायचं आणि त्याची नक्कल बाकीच्यांवर उतरवायची. सगळं एका साध्या १३ अँपिअरच्या सॉकेटवर चालत होतं. कृती त्यांनी जाहीरच केली, म्हणजे कोणीही घरी करून बघावं.

तर ज्यांचे लॅपटॉप माळ्यावर जायच्या बेतात आहेत, त्यांनी लाइव्ह चालवून चार गोष्टी तपासा : वायफाय, आवाज, प्रिंटर, आणि आई-बाबांसाठी मराठी टायपिंग. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. आणि हो, हार्ड डिस्कला धक्का लागत नसला तरी पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा बारशाचे फोटो आधी काढून ठेवा.