मिठाची मुदत

ज्या मुलखात मृगाचा पाऊस सुरू झाला की होड्या शाकारून किनाऱ्यावर चढवाव्या लागत, बंदरे नारळी पौर्णिमेपर्यंत ओस पडत आणि घाटवाटांवरून येणारी बैलांची रहदारी चिखलाने थांबे, त्या मुलखात कोणते अन्न किती दिवस टिकेल हा प्रश्न प्रत्येक घराला वैशाखातच सोडवून ठेवावा लागे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोडविला आणि त्यांच्या उत्तराचा पाया मीठ हा होता. आज मुलांना पाकिटावरची तारीख वाचावयास शिकवावी असे आपण म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अन्नाला मुदत असते हे ज्ञान पाकिटाबरोबर आलेले नाही. छापील अक्षराच्या पुष्कळ आधीपासून ते या किनाऱ्यावर नांदत होते.

मिठाचे मोल राज्यकर्तेही जाणून होते. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस पाठविलेल्या पत्रात, पोर्तुगीज अंमलाखालील बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे आपल्या मुलखातील मिठाचा व्यापार बुडणार नाही, अशी आज्ञा आहे. पुढे इंग्रजी अंमलात जकातीचे हे शस्त्र उलटे फिरले. १८८२च्या सुमारास मणामागे दोन रुपये असलेला मिठावरील कर १८८८ साली अडीच रुपयांवर गेला, आणि ज्याच्या घरात मासळी खारविण्यासाठी मीठ लागे त्या गाबताच्या संसारावर त्याचा भार किती पडला असेल, याची कल्पना सहज करता येते. मत्स्यखात्याचे अधिकारी फ्रान्सिस डे यांनी १८७३च्या आपल्या अहवालात या कराचा मासे खारविण्याच्या धंद्यावर होणारा परिणाम सरकारच्या नजरेस आणला होता. मीठ हात आखडून वापरले की मासा अर्धवट खारतो आणि अर्धवट खारलेला मासा खाणाराच्या पोटात रोग नेतो, ही गोष्ट दफ्तरात नोंदविली गेली. आणि मग रत्नागिरी व कारवार जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर मासे खारविण्याची सरकारी आवारे निघाली, जेथे मीठखात्याच्या देखरेखीखाली सवलतीचे मीठ मिळे. शिरोड्याच्या मिठागरावर मे १९३० मध्ये जो सत्याग्रह झाला त्याचे वर्णन करताना आपण मिठाला स्वातंत्र्याचे प्रतीक मानतो. मला वाटते, या किनाऱ्यापुरते तरी ते त्याहून जवळचे होते. आषाढातल्या ताटात मुलापुढे ठेवलेला मासा निर्धोक असावा, एवढी साधी गोष्ट त्या करात अडकलेली होती. तो कर १९४७ साली उठला.

बेगमीचा खरा पसारा पाहावा तो वैशाखातच. रापणीने ओढलेल्या मासळीतला जो हिस्सा त्या दिवशी विकला जात नसे, त्यातला बांगडा पोट फाडून, कल्ले आणि आतडी काढून, धुऊन मिठाच्या थरांत दाबला जाई आणि मग उन्हात टाकला जाई. मोरीचे लांब तुकडे वाळत. सुंगटे, गोलमा, पेडवे वाळूवर नाही तर चटयांवर पसरले जात. त्याच दिवसांत रातांबे पिकत, आणि त्यांची साले त्यांच्याच खारट रसात भिजवून पुन्हापुन्हा वाळविली की वर्षभराची सोले तयार होत. उरलेल्या रसाचे मीठ घालून आगळ होई. आंबोशी, फणसाची साठे, पापड, सांडगी मिरची, कणगीतले भात हे सारे त्याच धोरणाचे भाग. सुकी मासळी मडक्यांत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून चुलीच्या धुराजवळच्या माळ्यावर ठेवली जाई, आणि श्रावणात ऊन उघडले की घरातली वडीलधारी बाई सर्वांत आधी ती मडकी अंगणात आणी. यामागची शास्त्रीय संगती सरळ आहे. मीठ माशातले पाणी ओढून घेते आणि पाण्यावाचून बहुतेक जंतूंची वाढ खुंटते; परंतु तेच मीठ पावसाळी हवेतला ओलावाही ओढून घेते, म्हणून वैशाखात वर्षाची वाटणारी मुदत आषाढात महिन्यावर येते. मुदत एकदाच ठरवून भागत नाही, ती साठवणीबरोबर बदलते, हे त्या बाईस कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते.

आणि ते मुलांपर्यंत पोहोचे. वाळत घातलेल्या मासळीची कावळ्यांपासून राखण करण्याचे काम पोरांकडे असे, आणि त्या राखणीतच कोणता मासा नीट सुकला व कोणता आतून ओला राहिला हे बोटाने दाबून कळू लागे. बंदरावर आईबरोबर गेलेली मुलगी कल्ला उचलून त्याचा रंग पाहावयास शिके. डोळा बाहेर आलेला व चकाकता आहे की आत बसून पांढुरका झाला आहे हे पाहावयास शिके. खाऱ्या बांगड्यावर तांबूस छटा आली की तो बाजूला काढावा, हे शिके. ही तांबूस छटा मिठावर जगणाऱ्या जंतूंमुळे येते आणि माशाच्या साठवणीत दोष शिरल्याची ती खूण आहे, हे आज आपण जाणतो. त्या मुलीला एवढेच ठाऊक असे की असला मासा आजी कधी चुलीवर चढवीत नाही. पाळण्यातल्या बाळाला आणि नुकत्याच दुधावरून अन्नावर आलेल्या पोराला मऊ, ताजी, गरम पेज, आणि मोठ्यांना शिळे चालले तरी लहानांना नाही, हा शिरस्ताही याच शिक्षणाचा भाग होता.

परंतु या शिक्षणाचे गुणगान करून थांबणे मला अप्रामाणिक वाटते. नाकाला आणि डोळ्याला जे कळत नाही असे पुष्कळ आहे. बांगडा आणि कुपा यांच्या मांसात असलेल्या एका द्रव्यापासून, मासा उन्हात तासन्‌तास पडून राहिला की, जंतू हिस्टामिन नावाचे विष तयार करतात. ते शिजवून जात नाही, खारवून जात नाही, आणि त्याचा वासही येत नाही. मासा खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात तोंड लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे ही लक्षणे दिसतात, आणि बहुधा घरचे लोक याला मासा सोसत नाही असे समजतात. त्याला उपाय एकच : मासा पकडल्या क्षणापासून थंड ठेवणे. ज्या काळात किनाऱ्यावर बर्फ नव्हता त्या काळात दूषित अन्नाने लहान जीव किती गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला अंदाज मात्र आपल्यासमोर आहे : जगाच्या लोकसंख्येत पाच वर्षांखालील मुले सुमारे नऊ टक्के, परंतु दूषित अन्नाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू त्यांचे.

छापील तारखेचा इतिहास त्यामानाने अगदी अलीकडचा. १९५४चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मुख्यतः भेसळीच्या मागे होता. बंद वेष्टनावर माल तयार केल्याचा किंवा भरल्याचा महिना व वर्ष छापलेच पाहिजे, हा दंडक १९७७च्या वजनमापविषयक नियमांनी घातला. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानंतर जुने तुटक कायदे एकत्र आले, आणि २०२०च्या नियमांनी अन्न वापरण्याची अंतिम तारीख छापणे सक्तीचे केले. अमुक तारखेपूर्वी उत्तम, ही ओळ मात्र ऐच्छिक ठेवली. या दोहोंतला भेद मुलांना अवश्य सांगावा. पहिली तारीख निर्धोकपणाची आहे, ती उलटली की पदार्थ टाकावा. दुसरी चवीची व गुणाची आहे. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ताटांवरही मुदत लिहिण्याचा हुकूम निघाला.

तरीही सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या घरांतले बरेचसे अन्न तारखेच्या कक्षेबाहेरच आहे. मालवणच्या बाजारात टोपलीतून विकला जाणारा सुका बांगडा, शेजारणीने दिलेली सोले, आजीने भरलेली आगळाची बाटली यांवर कोणी शिक्का मारीत नाही. उलट कोपऱ्यावरच्या दुकानातून शाळेच्या वाटेवर दोन रुपयांचे पाकीट घेणारे मूल आता स्वतःच गिऱ्हाईक झाले आहे. पाकीट आणि तोंड यांच्यामध्ये आईचा हात राहिलेला नाही. शिवाय पाकीट फोडले की त्यावरची तारीख निरर्थक होते, आणि दुधाची पिशवी दुपारभर उन्हात राहिली तर तिच्यावरचा शिक्का तिला वाचवू शकत नाही.

म्हणून सिंधुदुर्गातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना पाकिटावरची तारीख वाचावयास शिकवा, आणि त्याच तासाला वर्गात एक खारा बांगडा आणून तो दाबून, हुंगून, रंग पाहून पारखावयासही शिकवा. आजीला बोलवा, मीठ किती, ऊन किती दिवसांचे आणि मडके कोठे ठेवायचे, हे तिलाच सांगू द्या, आणि जे तिला ठाऊक नव्हते ते बर्फाचे शास्त्र तिच्या शेजारी उभे राहून तुम्ही सांगा. मेच्या सुट्टीआधी हा धडा झाला तर उत्तम, कारण बेगमी त्याच महिन्यात भरली जाते.