हॅलोविनला कार्टून जोडी व्हायचंय? कपडे विकत घेण्याआधी घरातलं कपाट उघडा

ऑक्टोबर संपत आला की लोअर परळमध्ये, जिथे एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तिथल्या मॉल आणि पबच्या दारांवर भोपळे आणि कवट्या लटकायला लागतात. ३१ ऑक्टोबरची हॅलोविन पार्टी! काळाचौकीहून हे अंतर जेमतेम तीन किलोमीटर. एकट्याने जायचं तर काळा टी-शर्ट आणि भुताचा मुखवटा चालून जातो. जोडीने जायचं ठरलं की मात्र प्रश्न पडतो, दोघांनी मिळून व्हायचं काय? अलीकडे त्याचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे कार्टूनमधली जोडी.

हॅलोविन मूळचा युरोपातला. कापणी संपून हिवाळा सुरू होताना आयर्लंड-स्कॉटलंडकडचे लोक 'साविन' नावाचा सण पाळायचे. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. अमेरिकेत गेल्यावर त्यात भोपळा आला, चॉकलेटं आली आणि भुतांच्या जोडीला सुपरहिरो आणि कार्टूनही आले.

सोंग घेणं हा प्रकार गिरणगावाला काही नवा नाही. इथल्या चाळी भरल्या त्या मोठ्या प्रमाणात कोकणातून आलेल्या कामगारांनी, आणि कोकणातला शिमगा सोंगांशिवाय होत नाही. काळ्या वेशातला, कमरेला घुंगरं बांधलेला संकासूर आणि त्याच्या सोबत नाचणारी गोमू ही तर ठरलेली जोडी. गोमू होतो तो बहुतेक वेळा पुरुषच. गावच्या माणसाला संकासूर लांबून ओळखू येतो, कारण त्याची टोपी, रंग आणि आवाज ठरलेला असतो. कार्टूनचंही नेमकं तेच आहे.

कार्टून लांबून ओळखू का येतं?

अ‍ॅनिमेशनमध्ये एकेक पात्र हजारो वेळा काढावं लागतं. म्हणून त्याचे कपडे सहसा बदलत नाहीत, रंग मोजके असतात आणि नुसत्या सावलीवरूनही ते ओळखू यावं अशी रचना असते. मिकी माऊसचे कान बघा. तो कुठल्याही बाजूला वळला तरी कान गोलच दिसतात. खऱ्या उंदराचे तसे दिसणार नाहीत, पण ओळख पक्की राहते.

त्यामुळे कार्टूनचा पूर्ण ड्रेस लागत नाही. एक आकार, एक रंग आणि हातात एक वस्तू एवढं जमलं की काम झालं. ऑनलाइन मिळणारे चकचकीत तयार ड्रेस बरेचदा उलट करतात. कापडावर सगळं छापलेलं असतं, पण आकार हरवलेला असतो.

जोडीसाठी आणखी एक कसोटी आहे. दोघं वेगवेगळे उभे राहिले तरी कोण आहेत ते कळलं पाहिजे. एक जण सतत दुसऱ्याला शोधत फिरतोय आणि प्रत्येकाला "मी त्याची अमुक" म्हणून सांगतोय, अशी वेळ आली तर जोडी चुकली असं समजावं.

कुठली जोडी घ्यायची?

मिकी-मिनी सगळ्यांना माहीत. दोघांची जोडी १९२८ च्या 'स्टीमबोट विली' या छोट्या चित्रपटातून गाजली. आज ओळखीचे असलेले पांढरे हातमोजे मिकीला त्यात नव्हते. ते पुढच्या वर्षी आले. तो चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे फक्त काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली जुनी मिकी-मिनी ही स्वस्त आणि थोडी वेगळी कल्पना आहे. लाल चड्डी आणि ठिपक्यांचा फ्रॉक घातलेल्या पाच जोड्यांमध्ये ती उठून दिसेल.

पॉपाय आणि ऑलिव्ह ऑइल ही उंच-बुटक्या जोडीसाठी उत्तम. गंमत म्हणजे ऑलिव्ह पॉपायपेक्षा दहा वर्षांनी जुनी आहे. ती चित्रपट्टीत १९१९ मध्ये आली, तो १९२९ मध्ये. तिच्यासाठी लाल ब्लाउज, लांब काळा स्कर्ट, मागे घट्ट अंबाडा आणि पायात जाड बूट. त्याच्यासाठी खलाशाची पांढरी टोपी आणि हातावर पेनाने काढलेला नांगर. फुगलेले दंड-मनगट करायला जुन्या मोज्यांत कापूस भरायचा. पालकाचा डबा शोधत बसू नये. लालबागच्या बाजारातून आणलेली पालकाची जुडी हातात धरली तर हशा जास्त पिकतो. ती पॉपाय आणि तो ऑलिव्ह असं उलटं केलं तरी बिघडत नाही, गोमूची परंपरा पाठीशी आहेच. फक्त साडी-स्कर्ट नेसलेला पुरुष एवढाच विनोद ठेवून कुणाची टिंगल होईल असं वागू नये. ऑलिव्ह व्हायचं तर ऑलिव्हसारखं चालायला शिकावं.

'फ्लिंटस्टोन्स'मधले फ्रेड आणि विल्मा शिवायला सगळ्यात सोपे. नारंगी सुती कापडावर काळे त्रिकोणी ठिपके आणि निळा टाय म्हणजे फ्रेड. एका खांद्यावरचा पांढरा झगा आणि गळ्यात गोट्यांची माळ म्हणजे विल्मा. कडा वेड्यावाकड्याच कापायच्या असल्याने टीप मारायचीही गरज नाही. माळेसाठी वर्तमानपत्राचे गोळे करून त्यावर मास्किंग टेप गुंडाळायची, पांढरा रंग द्यायचा आणि सुतळीत ओवायचे.

पण मुंबईतल्या पार्टीला मुंबईतलंच कार्टून घेऊन गेलं तर? आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, छोटी मिशी आणि टकलाच्या दोन्ही बाजूंना उडणारे पांढरे केस. १९८८ मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं, आणि वरळी सी फेसवर त्याचा पुतळा आहे. हा माणूस व्यंगचित्रात कधीच बोलत नाही, नुसता बघत राहतो. त्याची बायको मात्र बोलते. म्हणजे जोडीचं नाटक आयतंच तयार! तिने सुती साडी नेसून, हातात भाजीची पिशवी घेऊन पार्टीभर पेट्रोलपासून पाण्यापर्यंत सगळ्यावर बोलायचं, त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. आजोबांचा जुना कोट आणि धोतर घरात असेल तर विकत घ्यायला मिशी आणि कापूस एवढंच उरतं.

नवरा-बायको किंवा प्रेमी नसलेल्या दोघांसाठी चाचा चौधरी आणि साबू आहेत. प्राण यांच्या कॉमिक्समधला साबू गुरू ग्रहावरचा, धिप्पाड. उंचीत फूटभर फरक असलेल्या मित्रांना याहून चांगली जोडी सापडणार नाही. मराठी घरांत 'चिंटू' वाचत वाढलेल्यांना चिंटू आणि मिनी आठवतील. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली. मात्र लोअर परळच्या पार्टीत ती किती जणांना ओळखता येईल, याचा विचार करून जावं. सोसायटीच्या कार्यक्रमात ती हमखास चालेल.

सामान आणि शिंपी

कापडासाठी दादरचं हिंदमाता मार्केट जवळ आहे. टोप, मिशा, हेअरबँड क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळतात. बाकी बरंच काही काळाचौकी-लालबागमध्ये गणपतीनंतर उरलेलं असतं. मखरातला पुठ्ठा, फोम शीट, सोनेरी कागद, ग्लू गन. मंडळात सजावट करणारा एखादा मुलगा ओळखीचा असेल तर मिकीचे कान तो अर्ध्या तासात कापून देईल. थर्माकोल वापरू नये. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तसंही ते गर्दीत पहिल्या धक्क्याला तुटतं.

खरी अडचण शिंप्याची. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. २०२६ मध्ये हॅलोविन शनिवारी आहे आणि लक्ष्मीपूजन पुढच्या रविवारी, ८ नोव्हेंबरला. म्हणजे ऐन वेळी कापड घेऊन गेलात तर दिवाळीच्या ब्लाउजांच्या ढिगाखाली फ्रेडचा झगा गाडला जाणार. शिवायचंच असेल तर दसऱ्याच्या आधी द्यावं, नाहीतर वेल्क्रो, इलॅस्टिक आणि सेफ्टी पिनांवर भागवावं.

घाम, डोळे आणि आग

हे सगळे ड्रेस थंड देशांसाठी बनलेले आहेत. मुंबईत ऑक्टोबरमध्ये पारा ३४-३५ अंशांपर्यंत सहज जातो आणि हवेत दमटपणा असतोच. फरचा पूर्ण ड्रेस किंवा डोकं झाकणारा मुखवटा घालून दहा मिनिटांत जीव नकोसा होतो. श्रेक-फिओना व्हायला चेहरा हिरवा रंगवायचा असेल तर त्वचेसाठी बनवलेला फेस पेंटच घ्यावा आणि आदल्या दिवशी मनगटावर थोडा लावून बघावा. पोस्टर कलर, अ‍ॅक्रिलिक किंवा ऑइल पेंट तोंडाला लावू नये. रस्त्यावर मिळणाऱ्या रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स तर अजिबात नकोत. डोळ्याच्या बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर नजर जाऊ शकते. एका रात्रीच्या फोटोसाठी एवढा सौदा कुणी करू नये.

आणि आग. २०१७ च्या डिसेंबरमध्ये लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. नायलॉनचा टोप, पॉलिएस्टरचा झगा, जाळीचा स्कर्ट पटकन पेट घेतात आणि वितळून अंगाला चिकटतात. सुती कापड त्यातल्या त्यात बरं. मेणबत्त्यांपासून आणि सिगारेट ओढणाऱ्यांपासून लांब राहावं. 'कॅटडॉग'सारखं दोघांना एकाच कापडात शिवून टाकणारं सोंग फोटोत भारी दिसतं, पण अंधारात जिना उतरायची वेळ आली तर? प्रत्येकाला आपापले हात-पाय मोकळे असले पाहिजेत, आणि आत शिरल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते आधी बघून ठेवावं.

रील काढायला जागा शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी काळाचौकीच्या अगदी जवळ आहे, आणि हॅलोविन म्हटल्यावर ती आठवणं साहजिक. पण २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवसांत लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवायला येतात. तिथे कॅमेरा घेऊन जाऊ नये. रीलसाठी चाळीची गॅलरी आहे, करी रोडचा पूल आहे, रात्री उभी राहिलेली काळी-पिवळी टॅक्सी आहे.

लोकलने जाणार असाल तर मोठे कान, पुठ्ठ्याची शेपटी पिशवीत ठेवून उतरल्यावर लावणं सोयीचं. दारावरच्या तपासणीत खेळण्यातली तलवार-बंदूक काढून घेतली जाऊ शकते, मुखवटाही उतरवावा लागतो. ओळखपत्र कोटाच्या खिशात ठेवावं. रक्षकाने नाव विचारलं तर कॉमन मॅनलाही तेवढ्यापुरतं बोलावं लागेल.