लेझीम

‘लेझीम’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीत त्याचा अर्थ सरावाचे धनुष्य. धनुर्विद्या शिकणाऱ्याचे खांदे-दंड बळकट व्हावेत म्हणून त्या धनुष्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावत. इराणच्या आखाड्यांत, म्हणजे ‘जूरखान्यां’त, असे साखळीचे जड धनुष्य आजही डोक्यावर धरून डावी-उजवीकडे खेचतात, तिथे त्याला ‘कब्बादे’ म्हणतात.

मराठी तालमीत हे साधन व्यायामाचेच राहिले, पण साखळीतल्या चकत्यांच्या झणत्काराला हलगी-ढोलाची साथ मिळाली आणि कसरतीचा नाच झाला. धनुष्य आखडून हातभर लाकडी दांडा उरला. क्रियापद मात्र आखाड्याचेच राहिले: लेझीम नाचत नाहीत, खेळतात. व्यायाम आणि नृत्य यांतली सीमा या एका क्रियापदाइतकी नेमकी क्वचितच कुणी सांगितली असेल.

पुढे लेझीम शाळेच्या कवायतीतून मैदानावर आणि पडद्यावर गेली. जानेवारी 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपटातल्या लेझीम-दृश्यावर आक्षेप आले आणि दिग्दर्शकाने ते वगळले. आक्षेप नाचाला होता. शब्दाचे मूळ शस्त्रसरावाचे आहे, हे त्या गदारोळात मागे पडले.

मावळात, लोणावळ्यात आज ‘लेझीम’ म्हटले की गणपतीची किंवा शिवजयंतीची मिरवणूक आठवते. धनुष्य हा अर्थ बोलीतून पुरता गेला आहे.